अबोल झालेले सुकाणू

पावसाळा नुकताच सरला होता. सोलापुरातील एक गृहस्थ विजापूर वेशीच्या गर्दीतून आपली मोटार हाकीत असता तिचे स्टिअरिंग, म्हणजे सुकाणूचे चाक, एकाएकी जड झाले आणि समोरच्या फलकावर पिवळा दिवा लागला. दोन्ही हातांचा जोर लावून त्यांनी गाडी कशीबशी कडेला घेतली. इंजिन बंद करून पुन्हा सुरू करताच चाक पूर्वीसारखे हलके! असे तीनदा घडले. 'सुकाणूचे यंत्रच बदला,' असे कोणी सुचविले. पण त्याची किंमत ऐकून ते चिंतेत पडले आणि एका जुन्या मिस्त्रींकडे गेले.

आजच्या पुष्कळ मोटारींत चाक फिरविण्याच्या कामी विजेची एक मोटर चालकास साहाय्य करते. तिच्यावर एका छोट्या नियंत्रकाची देखरेख असते. गाडी हळू चालली असता साहाय्य अधिक हवे, वेगात असता कमी. मात्र वेग किती, हे सुकाणूच्या नियंत्रकाला स्वतःला कळत नाही. ते ब्रेकच्या नियंत्रकाने कळवावे लागते. हे बोलणे बंद पडले की साहाय्य थांबते किंवा घटते. चाकाचा आणि पुढच्या चाकांचा लोखंडी जोड तसाच राहतो, म्हणून गाडी वळते खरी, पण कष्टाने.

पूर्वी प्रत्येक निरोपासाठी वेगळी तार असे, त्यामुळे तारांचे ओझे वाढत चालले. जर्मनीतील बॉश कंपनीने १९८३ साली यावर काम आरंभिले आणि १९८६ मध्ये नवी पद्धत जगापुढे मांडली. तिचे नाव 'कॅन'. हिच्यात सर्व नियंत्रक दोनच तारांवरून बोलतात. या तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. सोलापुरात सुताला पीळ देतात तो बळकटीसाठी. येथील पिळाचे कारण निराळे आहे. निरोप जाताना एका तारेवर सुमारे ३.५ व्होल्ट आणि दुसरीवर १.५ व्होल्ट दाब असतो. ऐकणारा केवळ दोहोंतील फरक, म्हणजे २, पाहतो. बाहेरच्या विजेच्या उपद्रवाने दोन्ही दाब अर्ध्या व्होल्टने चढले, तरी ४ आणि २ यांतील फरक २ च राहतो!

विजापूरच्या गोल घुमटात तुम्ही हाक मारली असेल, तर ती अनेकदा परतून कशी कानी येते हे तुम्हांस ठाऊक असेलच. तारेच्या टोकावरून विजेचे निरोपही असेच परततात आणि नव्या निरोपांत मिसळतात. म्हणून दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध जोडून तो प्रतिध्वनी शमवितात. दोन सारखे रोध असे शेजारी शेजारी जोडले की मिळून रोध निम्मा होतो, म्हणजे ६० ओहम.

मिस्त्रींनी प्रथम फलकाखालच्या सोळा खाचांच्या जोडणीला तपासणीचे यंत्र लावले. "उस्ताद, जुन्या नोंदी पुसू का?" मदतनीस मुलाने विचारले. "अरे, आधी उतरून घे!" ते म्हणाले. इंजिन आणि ब्रेक या दोहोंच्या नियंत्रकांची तक्रार एकच होती : सुकाणू उत्तर देत नाही. उतावळा मनुष्य येथेच सुकाणूला दोषी ठरविता. परंतु सुकाणूच्या नियंत्रकातही एक नोंद सापडली : मला कोणाचेच ऐकू येत नाही! जो मेला, तो तक्रार कशी लिहील? तेव्हा बोलणारे दोन्हीकडे धड होते. संशय मधल्या वाटेवर आला.

मग बॅटरीची तार सोडवून मिस्त्रींनी सहाव्या व चौदाव्या खाचेत रोध मोजला. तो ६० भरला. म्हणजे सारे ठीक! मुलगा हिरमुसला. मिस्त्री मात्र मापक तसाच ठेवून तारांचा जुडगा जागोजाग हळूच हलवू लागले. सुकाणूजवळच्या जोडाला हात लागताच काटा १२० वर गेला. या गाडीत एक रोध सुकाणूच्या नियंत्रकातच होता, आणि त्या क्षणी तोच तुटून वेगळा पडत होता.

जोड उघडला. आत पाणी झिरपून एका पिनेवर, तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा, हिरवट कीट चढला होता. पिन बदलली, रबराचे झाकण नवे घातले, पाणी येण्याची फट बुजविली. जुडगा पुन्हा हलवून पाहिला, तरी काटा ६० वरून ढळला नाही. त्यानंतरच मिस्त्रींनी जुन्या नोंदी पुसल्या आणि मालकांना शेजारी बसवून गाडी विजापूर वेशीकडे घेतली.