बँक गेली, अक्षरं राहिली

फिलाडेल्फियातली एक बँक १९९२ मध्ये बुडाली. २००० साली तिच्या ३६ मजली इमारतीत हॉटेल सुरू झालं. आतलं बरंच पालटलं, पण गच्चीवर रात्री अजूनही त्या बुडालेल्या बँकेचीच आद्याक्षरं लाल उजेडात झळकतात: पीएसएफएस! नव्या मालकाने जुन्याची पाटी डोक्यावर मिरवावी, असं या अक्षरांत आहे तरी काय?

१९३२ साली जॉर्ज हाउ आणि विल्यम लेस्केझ यांनी ही इमारत उभारली. बँकेचं पूर्ण नाव ‘फिलाडेल्फिया सेव्हिंग फंड सोसायटी’, म्हणजे रोमन लिपीत २९ अक्षरं. त्यांनी चारच घेतली आणि प्रत्येक अक्षर २७ फूट, म्हणजे सव्वाआठ मीटर उंच केलं.

गणित करून पाहा. डोळे तपासताना निरोगी नजरेला ६ मीटरवरून जी ओळ वाचता यावी लागते, तिची अक्षरं जेमतेम ९ मिलिमीटर उंच असतात. त्याच हिशेबाने सव्वाआठ मीटरचं अक्षर साधारण साडेपाच किलोमीटरवरून वाचता येतं! तेवढ्याच रुंदीत २९ अक्षरं कोंबली असती, तर प्रत्येकाची उंची एक सप्तमांशाहूनही कमी झाली असती आणि नाव पाऊण किलोमीटरच्या पुढे वाचताच आलं नसतं. शिवाय या अक्षरांच्या आडोशाला गच्चीवरची यंत्रसामग्रीही झाकली जाते.

लंडनची गंमत आणखी न्यारी. थेम्सकाठच्या एका जुन्या वीजघराचं १९२० च्या दशकाच्या अखेरीस नूतनीकरण झालं. मालक कंपनी ‘ऑक्सो’ (OXO) नावाच्या मांसाच्या अर्काच्या वड्या विकायची. मनोऱ्यावर जाहिरातीला परवानगी मिळेना. मग वास्तुविशारद अल्बर्ट मूर यांनी मनोऱ्याच्या चारही बाजूंना खिडक्याच केल्या: एक गोल, एक फुली, पुन्हा एक गोल. पाटी नाहीच, नुसत्या खिडक्या, वाचणाऱ्याने वाचावं! १९९० च्या दशकात इमारतीचा पुन्हा कायापालट झाला, घरं आणि दुकानं आली, खिडक्या मात्र तशाच राहिल्या.

दोन्हीकडे पाटी इमारतीचाच अवयव झाली होती, म्हणून मालक बदलले तरी ती टिकली. जुन्या इमारतीला नवं रूप देणाऱ्याने पाटीचा विचार शेवटी नव्हे, नकाशा काढतानाच करावा. कुठून वाचायचं ते आधी ठरवावं, मग अक्षरं मोजावीत आणि शक्य तितकी कमी करावीत.