सांध्याचे माप

जुन्या भिंतीचा गिलावा पडला की आतील विटांच्या ओळी दिसू लागतात. वीट तशी लहान, एका हातात मावणारी; परंतु तिचे माप ठरलेले असल्यामुळे तिच्यापासून कोठारही उभे राहते आणि वाडाही. मोहेंजोदडोपासून गुजरातेतील लोथलपर्यंत सिंधू संस्कृतीच्या नगरांत जाडी, रुंदी व लांबी यांचे प्रमाण १:२:४ असलेल्या विटा सापडतात. दोन विटांची रुंदी एका विटेच्या लांबीएवढी, म्हणून उभ्या-आडव्या विटा एकमेकींत गुंतून भिंत बळकट होते.

ठरीव मापाचे, स्वतंत्रपणे घडविता येणारे व परस्परांस जोडता येणारे असे जे भाग, त्यांस यंत्रविद्येत ‘मॉड्यूल’ म्हणतात. आपण त्यांस ‘घटक’ म्हणू. या पद्धतीचे मर्म घटकापेक्षा त्याच्या सांध्यात अधिक आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम आपल्या व्यवसायातील उदाहरण घेऊ. पूर्वी पोती, पेट्या व पिंपे एकेक करून जहाजावर चढवीत. त्यात हमालांचे दिवसचे दिवस जात. तूटफूट आणि चोरी निराळीच. अमेरिकेतील मालमोटारींचे व्यावसायिक माल्कम मॅक्लीन यांनी २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ या जहाजाने ५८ धातूच्या मोठ्या पेट्या नेवार्कहून ह्यूस्टनला धाडल्या. आतील मालास हात न लावता अख्खी पेटीच मोटारीवरून जहाजावर गेली. तथापि प्रत्येक कंपनीची पेटी व तिचे कोपरे निराळे राहते, तर हा लाभ एकेका कंपनीपुरताच उरला असता. १९६३ साली मॅक्लीन यांच्या कंपनीने कोपऱ्यांच्या जोडणीवरील आपले पेटंटचे हक्क सर्वांसाठी मोकळे केले. पुढे वीस व चाळीस फुटी कंटेनर जगन्मान्य झाले. आज कोणाचाही कंटेनर न्हावाशेवाच्या यारीस उचलता येतो, तो या कोपऱ्यांमुळेच.

सांधा न जुळल्यास काय ओढवते, हे १९७० साली अंतराळात दिसून आले. ‘अपोलो १३’ हे यान तीन घटकांचे होते: अंतराळवीरांची कुपी, तिला वीज व प्राणवायू पुरविणारा सेवाघटक आणि चंद्रावर उतरावयाचा चांद्रघटक. ११ एप्रिलला यान निघाले आणि दोन दिवसांनी सेवाघटकातील प्राणवायूची टाकी फुटली. चांद्रघटक स्वतंत्र असल्यामुळे शाबूत राहिला. जेम्स लोव्हेल, जॉन स्वायगर्ट व फ्रेड हेझ यांनी त्यात आश्रय घेतला. दोघांस सुमारे दोन दिवस पुरावा, अशा बेताने बनविलेल्या त्या घटकाने तिघांस जवळजवळ चार दिवस तगविले.

परंतु उच्छ्वासातील विषारी वायू शोषून घेणारे चांद्रघटकातील डबे तिघांस पुरेनात. कुपीत तसे डबे शिल्लक होते. मात्र ते चौकोनी, आणि चांद्रघटकातील खोबणी गोल! दोन घटक दोन निरनिराळ्या कंपन्यांनी बनविले होते आणि या एका बाबतीत त्यांचा मेळ नव्हता. अखेर पृथ्वीवरील अभियंत्यांनी प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, पोशाखाची नळी व चिकटपट्टी यांतून जोड कसा करावा ते कळविले, अंतराळवीरांनी तो केला, आणि १७ एप्रिलला तिघेही सुखरूप परतले.

व्यापाऱ्यास यात नवल वाटावयास नको. एकेकाळी गावोगावचा मण व शेर निरनिराळा असे आणि त्या फरकातून किती तंटे उद्भवत, हे जुन्या पेढ्यांना ठाऊक आहे. १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने दशमान वजने आली तेव्हा अनेकांनी कुरकुर केली. पण दूरच्या गिऱ्हाइकाशी निःशंकपणे व्यवहार करणे त्यामुळेच सोपे झाले.

पेढी ज्याची त्याची, मालाची निवड ज्याची त्याची. त्यात कोणी हात घालू नये. मात्र जेथे एकाचा माल दुसऱ्याच्या हाती जातो, तेथील भरणीचे माप, प्रतीची नावे व बीजकाची रीत आपण सर्वांनी एकत्र बसून ठरवावी. अडचणीच्या दिवशी शेजाऱ्याचा डबा आपल्या खोबणीत बसला पाहिजे, आणि त्याची तजवीज बऱ्या दिवसांतच करावी लागते.