घरट्याची नोंदवही

लखनौ शहराच्या पूर्वेस, अयोध्येकडे जाणाऱ्या रस्त्यावर चिनहट हे ठिकाण आहे. ३० जून १८५७ रोजी येथे सर हेन्री लॉरेन्स ह्यांच्या फौजेचा पराभव झाला, म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत त्याचे नाव येते. आता शहर तेथवर पसरले आहे. तरीही ह्या प्रदेशात पावसाळा लागला म्हणजे पाणथळ शेतांत सारस पक्षी गवताचा व लव्हाळ्याचा ढीग रचून त्यावर बहुधा दोन अंडी घालतात, आणि सुगरणीची घरटी झाडांच्या फांद्यांना लोंबू लागतात. लढाईची तारीख अनेकांनी लिहून ठेवली. सारसाने पहिले अंडे कोणत्या दिवशी घातले, हे मात्र कोणी मुद्दाम पाहून लिहिले तरच कळते.

असे लिहिणारा एक गृहस्थ एकोणिसाव्या शतकात लखनौत होता. जॉर्ज रीड ह्याने लखनौ विभागातील पक्ष्यांविषयीचा आपला दीर्घ लेख १८८१ साली 'स्ट्रे फेदर्स' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्याचे संपादक होते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. पुढे राष्ट्रसभेच्या स्थापनेमुळे जे सर्वांना परिचित झाले, तेच हे ह्यूम. हिंदुस्थानातील पक्ष्यांची घरटी व अंडी ह्यांवरील त्यांचा ग्रंथ गावोगावच्या अशा हौशी निरीक्षकांच्या टिपणांवरच उभा आहे.

घरट्याकडे एकदा पाहून फारसे काही कळत नाही. 'सुगरण' हे नावच पाहा. लोकांनी विणकामाचे सारे श्रेय मादीला दिले. १९३० साली नोकरी नसल्यामुळे अलिबागजवळच्या किहीम येथे राहिलेले सालिम अली ह्यांनी जवळच्या झाडांवरील घरट्यांचा दिवसेंदिवस मागोवा घेतला, तेव्हा चित्र निराळेच निघाले. विणतो तो नर. घरटे अर्धे झाले की माद्या येऊन ते पारखतात. एखादीने पसंत केले तर नर ते पुरे करतो, आणि ती अंड्यांवर बसताच दुसऱ्या घरट्याला आरंभ करून दुसरी मादी मिळवू पाहतो. पसंत न पडलेली घरटी अर्धवटच लोंबत राहतात. हा शोधनिबंध १९३१ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला.

म्हणून नोंदवहीत घरट्याला क्रमांक द्यावा, आणि प्रत्येक भेटीची तारीख, वेळ व अंड्यांची किंवा पिलांची संख्या लिहावी. घरटे प्रथम दिसले तो दिवस विशेष महत्त्वाचा. टिटवी जमिनीवर बहुधा चार अंडी घालते व सुमारे चार आठवडे ती उबवते. समजा, एका माळावर दहा घरटी होती आणि त्यांतील पाच पहिल्याच आठवड्यात नाहीशी झाली. चौथ्या आठवड्यात तेथे गेलेल्या निरीक्षकाला उरलेली पाचच दिसतील, त्या सर्वांतून पिले निघतील, आणि तो आनंदाने लिहील, 'पाचांपैकी पाच यशस्वी.' हा भ्रम टाळण्याची युक्ती हॅरल्ड मेफील्ड ह्या अमेरिकन हौशी निरीक्षकाने १९६१ साली सांगितली. घरटे प्रत्यक्ष नजरेखाली होते तेवढेच दिवस मोजावे. सर्व घरट्यांचे मिळून असे शंभर दिवस भरले व त्यांत तीन घरटी गेली, तर एक दिवस टिकण्याची शक्यता ९७ टक्के. अठ्ठावीस दिवसांच्या अखेरीस ती ४३ टक्क्यांच्या आसपास उतरते. रिकाम्या झालेल्या घरट्याची नोंद ज्याने कंटाळून गाळली, त्याच्या वहीतून हे गणित मांडता येणार नाही.

भेटी मात्र बेताच्याच असाव्यात. कावळ्याची नजर माणसाच्या वाटेवर असते. दुर्बिणीने दुरून पाहावे; अंड्याला किंवा घरट्याला हात लावू नये. वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना व घरट्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

ब्रिटनमध्ये १९३९ पासून अशा नोंदी एकत्र केल्या जातात. १९७१ ते १९९५ ह्या काळातील ६५ जातींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा २० जाती सरासरीने जवळजवळ नऊ दिवस आधी अंडी घालू लागल्याचे आढळले. हा निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाला, आणि बदलत्या हवामानाच्या चर्चेत तो पुरावा म्हणून पुढे आला. नोंदी करणाऱ्यांना असा प्रश्न कोणी घातलेला नव्हता. त्यांनी केवळ तारखा नीट लिहिल्या होत्या.

वहीची एक प्रत दुसरीकडे, एखाद्या ग्रंथालयात किंवा संस्थेत, ठेवलेली बरी. ह्यूम सिमल्याबाहेर असताना त्यांच्या एका नोकराने संग्रहालय फोडले आणि कित्येक मण हस्तलिखिते रद्दीच्या भावाने विकून टाकली. त्यांत सुमारे ७०० जातींची कमीअधिक पूर्ण जीवनवृत्ते होती. चोरी उघडकीस येईपर्यंत अनेक महिने लोटले, आणि परत मिळाले ते अगदी थोडे. मोठ्या तावांवर लिहिलेले जवळजवळ सर्व लेख गेले. लहान चिठ्ठ्यांवरची टिपणे तेवढी त्याने जागच्या जागी सोडली होती.