बिबट्याचे परिशिष्ट

2025 सालच्या नोव्हेंबर महिन्यात मंचरच्या बाजारात एका ओळखीच्या शेतकऱ्याने आम्हांस अडवून विचारले, "काय हो पुढारी, तुम्ही कायद्याची पुस्तके वाचता, आमचा वाघ पहिल्यातून दुसऱ्यात गेला म्हणजे नेमके होणार काय?" जुन्नर-आंबेगावात बिबट्याला वाघच म्हणतात. पट्टेवाला वाघ येथे नाही, त्यामुळे घोटाळा होत नाही. आम्ही त्या वेळी दिलेले उत्तर अर्धवट होते. घरी येऊन मूळ कायदा काढला. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु फॅक्टरी अ‍ॅक्ट आणि 1969 चा माथाडी कायदा कलमवार वाचून कामगारांना समजावून सांगण्यात तीस वर्षे गेली आहेत. त्याच पद्धतीने हा विषय येथे मांडतो.

प्रश्न उगाच निघालेला नव्हता. त्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तीन आठवड्यांच्या आत शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात दोन बालके आणि एक वृद्ध स्त्री बिबट्याच्या हल्ल्यात गेली. शिरूर, आंबेगाव, जुन्नर आणि खेड हे चारही तालुके जुन्नर वनविभागात येतात. लोकांनी पुणे-नाशिक रस्ता अडवला, वनखात्याची गाडी जाळली. लगोलग सरकारातून घोषणा झाली की, बिबट्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातून काढून दुसऱ्यात घालण्यासाठी केंद्राकडे मागणी करू. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात जुन्नरचे आमदार शरद सोनवणे बिबट्याचा वेष घालून विधानभवनात आले. वनमंत्र्यांनी जंगलात शेळ्या सोडण्याची कल्पना बोलून दाखवली. हसणारे हसले. ज्यांच्या घरचे माणूस गेले त्यांना हसू येणे शक्य नव्हते.

आता हे परिशिष्ट म्हणजे काय? 1972 च्या कायद्याला याद्या जोडल्या आहेत. पूर्वी त्या सहा होत्या. 2022 च्या दुरुस्तीने त्या चार झाल्या आणि ही दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून अमलात आली. पहिल्या यादीतील प्राण्यास सर्वांत कडक संरक्षण. त्याची शिकार केल्यास वा त्याच्या अवयवांचा धंदा केल्यास कमीत कमी तीन वर्षे आणि जास्तीत जास्त सात वर्षे कैद. दुसऱ्या यादीतील प्राण्याचीही शिकार मना आहे, परंतु शिक्षेचा धाक तितका नाही.

खरा फरक कलम 11 मध्ये आहे. पहिल्या यादीतला प्राणी माणसाच्या जिवाला धोका ठरला, अथवा बरा न होण्याइतका जखमी वा रोगी झाला, तर राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षक कारणे लिहून त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतो. मात्र पकडणे, बेशुद्ध करणे वा दुसरीकडे नेणे शक्य नाही अशी त्याची खात्री झाली पाहिजे. दुसऱ्या यादीतल्या प्राण्याला मारण्यास मालमत्तेचे नुकसानही पुरते, उभे पीकसुद्धा. तेथे अधिकार दिलेला खालचा अधिकारीही परवानगी देऊ शकतो. एका जनावराला नव्हे तर विशिष्ट भागातील अनेकांना मारण्याची देऊ शकतो. आणि स्वतःचा वा दुसऱ्याचा जीव वाचवताना जनावर मेले तर तो गुन्हाच नव्हे, हेही त्याच कलमात आहे, मग यादी कोणतीही असो.

तेव्हा नरभक्षक बिबट्याला मारता येत नाही म्हणून कायदा बदला, हे म्हणणे टिकत नाही. पिंपरखेडला हल्लेखोर बिबट्याला नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात नेमबाजांनी गोळी घातली, तेव्हा तो पहिल्याच परिशिष्टात होता. लोकांची तक्रार, आणि ती रास्त आहे, उशिराची आहे. तिसरा बळी जाईपर्यंत बंदूक आली नाही. हुकूम उशिरा निघतो याला कलम जबाबदार की कचेरी, हे आधी ठरवावे. कारखान्यातही आम्ही हेच पाहत आलो. यंत्राला जाळी बसवलेली नसते, कामगाराची बोटे जातात. चौकशीत मालकाचा माणूस म्हणतो, कायदा फार किचकट आहे, सोपा करा. जाळी बसवण्यापेक्षा कायदा सोपा करणे नेहमीच स्वस्त पडते.

व्यापाराची बाजू या वादात कोणी बोलत नाही, म्हणून तिच्याजवळ जरा थांबतो. मेलेल्या बिबट्याला चार सुळे आणि अठरा नखे असतात, पुढच्या पंज्यांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. वनखाते शवविच्छेदनानंतर पंचांसमक्ष ती मोजते आणि मग जनावर जाळते, कारण कलम 39 प्रमाणे ते सरकारची मालमत्ता असते. ही मोजदाद उगाच नाही. सोन्यात मढवलेले वाघनखाचे लॉकेट आपल्याकडे अजूनही मोठेपणाचे मानतात. कातड्याला आणि हाडांना तर देशाबाहेर गिऱ्हाईक आहे. वाघाची हाडे मिळेनाशी झाली तसा चिनी औषधांच्या बाजारात बिबट्याच्या हाडांवर डोळा गेला. ट्रॅफिक या संस्थेने 2012 साली हिशेब मांडला तो असा की, 2001 ते 2010 या दहा वर्षांत भारतात आठवड्याला सरासरी निदान चार बिबटे या चोरट्या धंद्यात गेले.

यादी बदलली की उद्या नारायणगावात कातड्यांची दुकाने लागतील, असे मात्र कोणी समजू नये. मालकी सरकारचीच राहील. परदेशी व्यापारावर तर आणखी एक कुलूप आहे. 1973 साली वॉशिंग्टनला झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात, ज्याला सायटीस म्हणतात, बिबट्या पहिल्या जोडपत्रात आहे. भारत 1976 पासून या कराराचा सदस्य आहे, आणि ते जोडपत्र बदलण्यास सदस्य राष्ट्रांच्या परिषदेत दोन-तृतीयांश मते लागतात. अशी एक परिषद 1981 साली दिल्लीलाही भरली होती. काही आफ्रिकी देशांना शिकारीच्या कातड्यांचा ठरावीक वार्षिक कोटा मिळतो. त्याचे समर्थक म्हणतात, जनावराला किंमत आली की गावकरी त्याला सांभाळतो. तिकडे काय घडते ते तिकडच्यांनी सांगावे. आपल्याकडे ऊस कोणाचा, साखर कोणाची आणि कोयता कोणाचा हे ज्याने पाहिले आहे, त्याला ही किंमत कोणाच्या खिशात जाईल ते विचारावे लागत नाही.

धोका दुसरीकडे आहे. परवानगीने मारलेली जनावरे वाढली, ती अनेक हातांतून जाऊ लागली, की अठरा नखे मोजणारा माणूस प्रत्येक ठिकाणी असणार नाही. नखावर परवान्याचा नंबर नसतो. सरकारी हुकमाने मेलेल्या बिबट्याचे नख आणि फासकीत मेलेल्याचे नख सोनाराच्या पेटीत सारखेच दिसते.

मग उपाय काय, असे विचारणाऱ्याला जुन्नरचाच इतिहास दाखवावा लागेल. डिंभे, येडगाव, वडज, माणिकडोह, पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, कालवे आले, बाजरीच्या रानात ऊस आला. ऊस वर्ष-दीड वर्ष उभा असतो. त्यात आडोसा, पाणी आणि वस्तीवरची कुत्री-शेळ्या असे सर्व एकत्र मिळते. मादी तेथेच विते, आणि पुढची पिढी उसालाच जंगल समजते. शेजारच्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच मोठे बिबटे आढळले, आणि एका चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे. 2001 च्या सुमारास येथले बिबटे पकडून लांबच्या रानात सोडण्याचा सपाटा लावला. त्याचा परिणाम त्याच अभ्यासकांनी 2011 साली प्रसिद्ध केला: जुन्नर भागात वर्षाला सरासरी चार हल्ले होत, ते सतरा झाले. 2009 साली माळशेजला सोडलेला एक बिबट्या, ज्याच्यावर पुढे 'आजोबा' हा चित्रपट निघाला, चालत चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे गेला. तेव्हा पिंजऱ्याने एका गावचा प्रश्न दुसऱ्या गावी जातो. पाच माद्यांच्या प्रायोगिक नसबंदीला केंद्राने 2025 मध्ये मंजुरी दिली, हे पाऊल आम्हांस योग्य वाटते; फळ दिसायला वर्षे लागतील.

पश्चिमेकडचा महादेव कोळी वाघबारसेला वाघोबाला नैवेद्य दाखवतो, आणि पूर्वेकडचा बागायतदार गोळी मागतो. दोघेही आपापल्या जागी खरे आहेत. तिसरा मात्र सभेला नसतो. तो म्हणजे बीड-अहिल्यानगरकडून येणारा ऊसतोडीचा कोयता. त्याची कोपी उसाच्या कडेलाच पडते, दार म्हणजे एक पाल. नवरा-बायको पहाटे अंधारात फडात शिरतात, पोर चुलीपाशी नाहीतर वाढ्याच्या भाऱ्याजवळ झोपलेले. फड जसजसा तुटत जातो तसा आतला बिबट्या उरलेल्या पट्ट्यात सरकतो, आणि शेवटच्या पट्ट्याला कोयता त्याच्या तोंडाशी येतो. मृत्यूला 25 लाखांची भरपाई सरकारने ठरवली आहे. पण शेळी वा बैल गेला तर पंचनामा होईतो तळ पुढच्या गावी हललेला असतो. एका तळावर एक बाई आम्हांस म्हणाली, "दादा, यादीत वाघाला वर ठेवा न्हाईतर खाली, आमच्या कोपीला कूड कोण देणार तेवढं सांगा."

डिसेंबरात आम्ही तीन मागण्या लिहून दिल्या. प्रत्येक तळाला सौर दिवे आणि भोवती जाळी. उजाडण्यापूर्वी फडात न उतरवण्याचा मुकादमांना लेखी हुकूम. शेवटचा पट्टा तोडताना वनखात्याचा माणूस हजर. एका कारखान्याच्या अधिकाऱ्याने विचारले, याला कायद्यात आधार कोणता? आम्ही त्याला मजुराच्या सुरक्षिततेची कलमे दाखवली. दिवे दोन तळांवर लागले. जाळीचे अंदाजपत्रक मागवले आहे असे कळवण्यात आले. तोड मात्र अजून पहाटे चारलाच सुरू होते, कारण गाडी सकाळी काट्यावर लागली पाहिजे.