घाटाखालची जकात आणि घाटावरचा भाव

परदेशी मालावर सरकारने जकात वाढविली, की ती बातमी वर्तमानपत्राच्या व्यापाराच्या पानावर छापून येते आणि बहुतेक घरांतून ते पान न उलगडताच रद्दीत जाते. पुढे महिनाभरात तीच बातमी वाण्याच्या यादीवर उमटते; ती मात्र घरातील प्रत्येकाला वाचावी लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्चे पामतेल, सोयाबीन व सूर्यफूल तेल यांवरील मूळ आयातकर शून्यावरून २० टक्क्यांवर नेण्यात आला. उपकर मिळून जो बोजा आधी साडेपाच टक्के होता, तो साडेसत्तावीस टक्के झाला. दिवाळी तोंडावर होती. चकल्या कमी तळाव्यात, की तेलाचा डबा लहान आणावा, हा प्रश्न त्या वर्षी अनेक स्वयंपाकघरांत बोलला गेला. मे २०२५ मध्ये मूळ कर १० टक्क्यांवर आणण्यात आला, तेव्हा तीच घरे थोडी सुस्कारली.

सरकारी भाषेत या कराला सीमाशुल्क म्हणतात. लोकांच्या तोंडी जुना शब्द जकात हाच आहे आणि आम्हीही तोच वापरणार आहोत. जकातीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. भारतासारखा प्रचंड गिऱ्हाईक जेव्हा जकात वाढवून आपली खरेदी आवरती घेतो, तेव्हा मलेशिया-इंडोनेशियातील विक्रेत्यालाही काळजी वाटते. माल पडून राहू नये म्हणून तो आपला भाव थोडा उतरवितो. म्हणजे जकातीचा काही अंश तरी परदेशी विक्रेत्याच्या खिशातून जातो. परंतु गिऱ्हाईकच लहान असेल तर? कॅरिबियन समुद्रातील बार्बाडोससारख्या बेटावर गहू पिकत नाही, आणि खाण्यापिण्याच्या जिनसांपैकी बराच भाग जहाजातून उतरतो. बार्बाडोसने गहू घेतला काय अन् न घेतला काय, जगाच्या बाजारात त्याची दखलही घेतली जात नाही. तेथे जकात वाढली, की ती सबंधच्या सबंध गिऱ्हाइकाच्या माथी बसते. त्यातून अशा बेटांच्या सरकारांच्या तिजोऱ्या जकातीवरच पुष्कळशा अवलंबून असतात, म्हणून ती सोडताही येत नाही. या बेटांनी १९७३ साली ‘कॅरिकॉम’ नावाचा संघ केला आणि बाहेरच्या मालावर शक्यतो सर्वांची जकात एक असावी, आपसांत मात्र नसावी, असे ठरविले. त्यामुळे गिरमिटियांच्या वंशजांनी गयानात पिकविलेला तांदूळ शेजारच्या बेटावर जकातीवाचून उतरतो आणि दूरदेशीच्या तांदळाला जकात भरावी लागते. संघातल्या पिकविणाऱ्याला हे सोयीचे. नुसते विकत घेणाऱ्याला किती सोयीचे, हा प्रश्न निराळा.

हे सारे समजून घेण्यासाठी आम्हां काकतीकरांना इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. सह्याद्रीच्या घाटाखाली, बेळगावपासून काही तासांच्या वाटेवर, असाच एक चिमुकला प्रांत साडेचार शतके परक्या राज्याच्या जकातीखाली होता. तो म्हणजे गोवा.

गोव्याचे भात गोव्याला कधी पुरेसे झाले नाही. नारळ, सुपारी, काजू, सुकी मासळी आणि मीठ विकावे, आणि धान्य, कापड, गूळ विकत आणावा, ही तेथील जुनी रीत. या देवघेवीच्या वाटा घाटातून जात. लमाणांचे बैलांचे तांडे गोव्यातील मीठ पाठीवर घेऊन घाट चढत आणि उतरताना घाटावरचे धान्य नेत. मधे दोन राज्यांची नाकी, दोन्हीकडची जकात. तरी व्यापार चालत असे, कारण दोन्ही बाजूंना एकमेकांची गरज होती.

इंग्रजांना या वाटेतले एकच ओझे खुपत होते, आणि ते म्हणजे मीठ. १८७८च्या सुमारास मुंबई इलाख्यात मिठावर मणाला अडीच रुपये कर होता. अडीच रुपयांचे आणे चाळीस, आणि मणाचे शेर चाळीस. म्हणजे शेराला बरोबर एक आणा निव्वळ कर. मिठागरावर मीठ तयार करण्यास मणामागे काही आण्यांचाच खर्च येई, हे लक्षात घेतले म्हणजे मूळ किमतीच्या कित्येक पट कर गरिबाच्या भाकरीवर होता हे दिसते. घाटाखाली मात्र हा कर नव्हता. एवढी तफावत असल्यावर गोव्याचे मीठ चोरवाटांनी वर चढणार नाही तर काय? शेकडो मैलांच्या जंगलात पहारा बसविण्यापेक्षा मीठ जेथे पिकते तेथेच त्यावर हात ठेवावा, असे इंग्रजांनी ठरविले.

२६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथे इंग्रज व पोर्तुगीज यांच्यात तह झाला. इंग्रजांच्या बाजूने रॉबर्ट मोरिअर हे वकील होते, पोर्तुगिजांच्या बाजूने आंद्राद कोर्व्हो हे मंत्री. १८८० च्या जानेवारीपासून बारा वर्षांसाठी तो अमलात आला. तहाची कलमे कागदावर मोठी मोहक होती. ब्रिटिश हिंदुस्थान आणि पोर्तुगीज हिंदुस्थान यांच्यामधील जकात उठली. माल दोन्हीकडे मोकळा फिरू लागला. समुद्रमार्गे येणाऱ्या मालावर दोघांची जकात एकच ठरली. मुरगाव बंदरापासून घाटमाथ्यापर्यंत रेल्वे बांधण्याचे ठरले. त्या बदल्यात गोव्याची मिठागरे इंग्रजांच्या देखरेखीखाली गेली, दारू-ताडीवर इंग्रजी पद्धतीचा अबकारी अंमल बसला, आणि पोर्तुगीज सरकारला नुकसानभरपाई म्हणून दरसाल चार लाख रुपये मिळू लागले.

आता या व्यवहारात कोणाच्या पदरात काय पडले ते पाहावे. चार लाख रुपये सरकारास मिळाले. मीठ पिकविणाऱ्या आगरवाल्याच्या हातचा धंदा गेला. अनेक मिठागरे पडीक राहिली. ज्या प्रांतात समुद्राचे पाणी उन्हात ठेवले की मीठ होते, त्याच प्रांतात मीठ महाग झाले. माडाची ताडी काढणाऱ्यावर अबकारीचा बोजा आला. कापड आणि इतर परदेशी माल स्वस्त मिळू लागला हे खरे. परंतु मीठ रोज लागते आणि नवे कापड वर्षातून एकदा. ज्याच्या घरी पैसा कमी, त्याच्या खर्चात रोजच्या जिनसांचा वाटा मोठा. जकात मोजणारे अधिकारी एकूण बेरीज पाहतात. ही बाब त्यांच्या बेरजेत दिसत नाही. त्या काळात मुंबईकडे चाकरीसाठी जाणाऱ्या गोवेकरांचा ओघ वाढला, त्यामागील कारणांत अभ्यासक या तहाचाही उल्लेख करतात.

जकात एकच ठरली म्हणजे ती दोघांनी मिळून ठरविली, असा समज होईल. तसे नव्हते. १८८२ साली हिंदुस्थान सरकारने मीठ, दारू यांसारखे थोडे अपवाद सोडून जवळजवळ सर्व आयातजकात काढून टाकली. लँकेशायरच्या गिरण्यांना त्यामुळे हिंदुस्थानचा बाजार मोकळा झाला. तहाने बांधलेल्या गोव्यालाही त्याच वाटेने जावे लागले आणि जकातीच्या उत्पन्नाचा एक झरा आटला. थोरल्याने आपल्या सोयीने दर ठरवावा आणि धाकट्याने त्याप्रमाणे आपले घर चालवावे, असा हा संसार होता. आम्हांस येथे पोर्तुगिजांचा कैवार घ्यावयाचा नाही. त्यांनी गोव्यातील रयतेला विचारून तहावर सही केली असेही नाही.

रेल्वे झाली, ती मात्र खरी. १८८७ साली सदर्न मराठा रेल्वे बेळगावास पोहोचली आणि १८८८ च्या सुमारास मुरगावचा रूळ ब्रागांझा घाट चढून कॅसलरॉकला येऊन मिळाला. बेळगाव-धारवाडचा माल थेट समुद्रावर जाऊ लागला. आंबोली घाटाच्या वाटेने वेंगुर्ल्याला जाणाऱ्या गाड्यांची गर्दी ओसरली आणि ते एके काळचे गजबजलेले बंदर हळूहळू शांत झाले.

परंतु जानेवारी १८९२ मध्ये तहाची मुदत संपली, तो पुन्हा झाला नाही, आणि जकातीची भिंत पुन्हा उभी राहिली. कॅसलरॉकला गाडी थांबे, उतारूंची बोचकी सुटत, आणि पुढे कुळेला पोर्तुगिजांचे शिपाई तीच बोचकी पुन्हा उघडीत. या भिंतीचा परिणाम नेहमी दुहेरी होतो. खालच्या गिऱ्हाइकाला वस्तू महाग मिळते हे सर्वांच्या ध्यानात येते. वरच्या पिकविणाऱ्याचे गिऱ्हाईक तुटून त्याचा भाव पडतो, हे सहसा ध्यानात येत नाही.

ही भिंत सर्वांत उंच झाली ती १९५५ साली. गोवा सोडण्यास पोर्तुगीज तयार होत नव्हते. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहावर त्यांनी गोळ्या झाडल्या. स्वातंत्र्याच्या चळवळीचे एक मोठे ठाणे आमचे बेळगाव होते, हे जुन्या पिढीला सांगावयास नको. भारत सरकारने सीमा बंद केली, रेल्वे थांबली, मुंबईतील चाकरमान्यांनी घरी पाठवावयाच्या पैशांवरही निर्बंध आले. जकातीची शेवटची पायरी म्हणजे नाकेबंदी. शंभर टक्के, हजार टक्के जकात लावली तरी त्याचा अर्थ तोच. हेतू योग्य होता, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु नाकेबंदीचा मार लिस्बनच्या राजवाड्यापेक्षा म्हापशाच्या स्वयंपाकघराला आधी बसला, हेही लिहून ठेवले पाहिजे. बेळगावची भाजी व धान्य बंद झाले. त्यांच्या जागी हॉलंडचे बटाटे आले, पाकिस्तानातून तांदूळ व भाजीपाला आला, जपानचे सिमेंट आले. आठ-दहा कोसांवर पिकणारा बटाटा सोडून सात समुद्रांपलीकडचा बटाटा खाण्याची वेळ एका प्रांतावर आली.

पोर्तुगिजांना हे कशाच्या जोरावर जमले? खनिजाच्या. नेमक्या त्याच वर्षांत जपानने गोव्याचे लोहखनिज मोठ्या प्रमाणावर घेण्यास सुरुवात केली होती. त्या पैशावर परदेशी मालाची आयात सैल सोडण्यात आली. १९५९ साली रुपिया जाऊन एस्कुदो हे पोर्तुगीज नाणे चालू झाले. एका रुपियाला सहा एस्कुदो. खाणमालकांची चंगळ झाली. खाणीवर मजुरी मिळविणाऱ्याचेही बरे चालले. मुंबईच्या मनिऑर्डरीवर ज्यांची चूल पेटत होती, त्या घरांचे हाल मात्र दोन्हीकडून झाले.

आणि येथेच १८७८ च्या मिठाची कथा उलट्या वस्तूंनी पुन्हा घडली. भारतात घड्याळे, परदेशी कापड यांवर भारी जकात आणि परवान्यांचे कुलूप. सोन्याची आयात तर बंदच. गोव्यात हे सारे सुलभ. मुंबई राज्यात दारूबंदी, गोव्यात दारू मोकळी. मग पूर्वी ज्या रानवाटांनी मिठाच्या गोणी चढत, त्याच वाटांनी घड्याळे, सोने आणि बाटल्या चढू लागल्या. चोरटा व्यापार हा दुष्ट माणसांमुळे चालतो असे आपण मानतो. दुष्ट माणसे सर्वकाळ असतातच. धंदा भरभराटतो तो दोन बाजूंच्या भावांतील अंतरामुळे. अंतर मिटले की तीच माणसे दुसरा उद्योग शोधतात. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, भारताची जकात गोव्यालाही लागू झाली, आणि घाटातील त्या वाटांवर पुन्हा गवत वाढले.

आता बेळगाव आणि गोवा यांच्यामध्ये जकात नाही. कर्नाटकाने नगरपालिकांची जकात १९७९ सालीच उठविली. तिच्या जागी आलेला प्रवेशकर १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर गेला. काकती, होनगा, कडोली या आमच्या भागातील भाजीपाला बेळगावच्या बाजारात जातो आणि तेथून रात्रीच्या टेंपोंनी चोर्ल्याचा किंवा अनमोडचा घाट उतरून पहाटे गोव्यात पोहोचतो. गोव्याचे फलोत्पादन महामंडळ ही भाजी घेऊन आपल्या दुकानांतून सवलतीच्या भावाने विकते. म्हणजे सरकार येथे गिऱ्हाइकाकडून काही घेण्याऐवजी पदरचे घालते, ही एक प्रकारची उलटी जकातच. लहान प्रांताला बाहेरून आणूनच खावे लागते, हे मात्र १८७८ साली होते तसेच आज आहे.

पावसाळ्यात एखाद्या रात्री घाटात दरड कोसळते आणि वाहतूक अडते. दुसऱ्या दिवशी पणजीच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी महागते, आणि त्याच सकाळी बेळगावच्या बाजारात, गाडी न सुटल्यामुळे पडून राहिलेल्या त्याच कोथिंबिरीला कोणी विचारीत नाही. दरड उपसली, की चार दिवसांत दोन्ही भाव पुन्हा जवळ येतात.