गाडीवरचे रंगाचे शिंतोडे

कवी माणसाने रंगाविषयी बोलायचे तर श्रावणातल्या रंगांविषयी बोलावे, अशी लोकांची अपेक्षा असते. मी आज ऑइल पेंटविषयी बोलणार आहे. कारण घरातलेच आहे.

आमचे जळकोट तुळजापूर तालुक्यातले, सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचे. लातूर जिल्ह्यातले जळकोट वेगळे, हे मला दर कविसंमेलनात सांगावे लागते. असो. रमजान ईदच्या आधी आम्ही घर रंगवायला काढले होते. पेंटर मामा गच्चीच्या कठड्याला निळा ऑइल पेंट देत होते आणि खाली माझ्या भाच्याची गाडी उभी. पांढरीशुभ्र, कर्जाची, भाड्यावर चालणारी. वारा सुटला आणि टपावर, बॉनेटवर निळे शिंतोडे उडाले.

भाच्याने मोबाइलवर फोटो पाठवून गॅरेजवाल्याला विचारले. तो म्हणाला, टप आणि बॉनेट पुन्हा रंगवावे लागेल. "मामू, ह्यांच्या मजुरीतून कापा," भाचा म्हणाला. ती रक्कम मामांच्या आठ-दहा दिवसांच्या मजुरीहून जास्त होती. मामा काही बोलले नाहीत. थिनरमध्ये चिंधी बुडवून ते गाडीकडे निघाले आणि मी त्यांचा हात धरला.

थिनरची माझी ओळख जुनी आहे. तरुणपणी थोरल्या भावाच्या अ‍ॅम्बेसेडरवरचा असाच एक डाग मी थिनरने पुसला होता. डाग गेला आणि त्याच्याबरोबर खालचा रंगही चिंधीवर आला. ती गाडी गॅरेजमध्ये एनसी रंगाने रंगवलेली होती. हा रंग थिनर उडून गेल्याने वाळतो, म्हणून पुन्हा थिनर लागले की पुन्हा विरघळतो. भाऊ वर्षभर माझ्याशी धड बोलला नाही.

कारखान्यातून आलेल्या आजच्या गाडीचे तसे नसते. पत्र्यावर आधी प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक थर. हे वरचे थर भट्टीत सुमारे १४० अंशांवर भाजून पक्के करतात. उडालेला ऑइल पेंट मात्र हवेतला प्राणवायू घेत हळूहळू पक्का होतो. त्याला दिवस लागतात. खालचा थर पक्का आणि वरचा ठिपका अजून कच्चा, या फरकावरच सगळे काम चालते. म्हणून उशीर करू नये. पण घाईही नको, कारण तो पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे बहुधा आपल्या केसाहूनही बारीक असतो.

आम्ही गाडी सावलीत घेतली. तापलेल्या पत्र्यावर कुठलेही द्रावण लगेच उडते. आधी साबणाच्या पाण्याने धूळ धुतली, नाहीतर चिंधीखाली वाळू घासली जाते. मग टर्पेंटाइन. पूर्वी रॉकेल घेतले असते, पण आता ते मिळते कुठे? दाराच्या आतल्या कडेला थोडे लावून पाहिले, गाडीचा रंग चिंधीवर आला नाही, मगच बॉनेटला हात लावला. मऊ चिंधी ओली करून ठिपक्यावर मिनिटभर ठेवायची, मग हलकेच पुसायचे. जोर करायचा नाही. हट्टी ठिपके नखाने काढले. टपावरचे बारीक कण राहिले, ते भाच्याने सोलापुरातून आणलेल्या क्लेने निघाले. कणकेच्या गोळ्यासारखी ही माती साबणाच्या पाण्यावरून फिरवली की वर चिकटलेले तेवढे उचलते. गोळा खाली पडला तर मात्र टाकून द्यावा. त्यात खडे रुततात.

पेट्रोल कोणी वापरू नये, भडका उडायला ठिणगी पुरते. प्लास्टिकच्या बंपरला आणि दिव्यांना थिनर किंवा नेलपॉलिश काढायचे द्रावण लावू नये, ते प्लास्टिकच खाते. भिंतीचा पाण्यातला रंग उडाला असेल तर कोमट साबणपाणी आणि थोडे स्पिरिट पुरते. चुना घासू नये, भिजवून सोडवावा. महामार्गावरच्या पांढऱ्या पट्ट्यांचा रंग सर्वांत चिवट. तो २०० अंशांच्या आसपास वितळवून ओततात आणि रात्री चमकावा म्हणून त्यात काचेचे बारीक मणी असतात. घासले की ते मणीच ओरखडे काढतात. व्हॅसलीन थापून रात्रभर ठेवावे आणि मऊ झालेले उचलावे.

आमचे काम अडीच तास चालले. शेवटी पुन्हा साबणाने धुऊन भाच्याने मेणाचे पॉलिश फिरवले. दिव्याच्या काचेवरचा एक ठिपका आम्ही राहू दिला. संध्याकाळी मामांना पूर्ण मजुरी दिली. भाच्याने त्यांच्यासाठी चहा आणला, पण माफी काही मागितली नाही. दुसऱ्या दिवशी कठड्याचा दुसरा हात द्यायचा होता. मामा म्हणाले, "मास्तर, आधी गाडी हलवायला सांगा."