दोन खणांचा कारभार

संगणकावर एखादी फाईल हलवायची म्हणजे माऊसने तिचे बखोट धरायचे, पडद्यावरून फरफटत न्यायचे आणि इष्ट फोल्डरच्या दारात सोडून द्यायचे, ही पद्धत मी कित्येक वर्षे इमानेइतबारे पाळली. पण त्यात एक गोम आहे. विंडोजमध्ये एकाच ड्राइव्हवर फाईल ओढून नेली तर ती जागा सोडून जाते; दुसऱ्या ड्राइव्हवर नेली तर मूळ जागी राहते आणि तिकडे तिची नक्कल होते. हाताची क्रिया एकच, फळ मात्र निराळे! शिवाय बोट जरा सैल पडले की फाईल भलत्याच घरी मुक्कामाला. जात्यावरच्या ओव्यांच्या ध्वनिमुद्रणांचे माझे अख्खे फोल्डर असेच एकदा गुणपत्रकांच्या फोल्डरात जाऊन बसले आणि मी रात्रभर ते शोधत राहिले.

माझी ती अवस्था पाहून एका विद्यार्थ्याने मला दोन खणांची वाट दाखवली. पडद्याचे दोन उभे भाग. एकात एक फोल्डर, दुसऱ्यात दुसरे. कोठून न्यायचे आणि कोठे न्यायचे, दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर. ही मांडणी घरोघर पोचवली ती जॉन सोचा यांनी लिहिलेल्या, १९८६ साली आलेल्या नॉर्टन कमांडरने. त्याच घडणीचा कार्यक्रम विंडोजसाठी स्वित्झर्लंडच्या क्रिस्तियान गिसलर यांनी १९९३ साली काढला; २००२ पासून त्याचे नाव टोटल कमांडर. लिनक्सवाल्यांना मिगेल दे इकाझा यांचा मिडनाइट कमांडर १९९४ पासून आहे. संगणक पालटले, पण एफ-५ चा अर्थ पालटला नाही.

कळा थोड्याच आहेत. टॅब दाबली की या खणातून त्या खणात. एफ-३ ने फाईल नुसती वाचायची, एफ-४ ने दुरुस्त करायची. एफ-५ ने नक्कल, एफ-६ ने स्थलांतर, एफ-७ ने नवे फोल्डर, एफ-८ ने विसर्जन. इन्सर्ट दाबत गेले की फायलींवर खुणा होत जातात. मग पन्नास असोत की पाचशे, एका कळीत रवाना! नक्कल आणि स्थलांतर यांना दोन वेगळ्या कळा, म्हणून माऊसची ती संदिग्धता येथे उरत नाही. आठवडाभरात माझी बोटे पेटीवादकासारखी आपोआप चालू लागली.

आणि तेथेच मी फसले. ज्या खणात आपण उभे असतो तेथून माल निघतो आणि समोरच्या खणात जातो. एका संध्याकाळी बाहेरच्या डिस्कवरचे जुने फोल्डर पाहायला मी टॅब दाबून तिकडे गेले, परत यायचे विसरले आणि एफ-५ दाबली. दोन्ही फायलींच्या तारखा मांडून यंत्राने रीतसर विचारले, हिच्यावर ती लिहू का? मी न वाचता ‘सर्व’ म्हणून मोकळी झाले. वर्षापूर्वीची संहिता नव्या संहितेवर बसली. अशी पुसलेली फाईल कचरापेटीतही सापडत नाही.

ओव्या ध्वनिमुद्रणावरून पुन्हा उतरवता आल्या. पण अडलेल्या शब्दांचे अर्थ एका आजींनी मला ओसरीवर बसून सांगितले होते, आणि ते मी त्या संहितेतच टिपले होते. आजी त्याआधीच्या पावसाळ्यात गेल्या होत्या.

आता मी आधी शिफ्ट आणि एफ-२ दाबून दोन्ही खण ताडून पाहते. नव्या फायलींवर आपोआप खुणा होतात. प्रश्न आला तर ‘फक्त जुन्यांवर लिहा’ एवढेच उत्तर देते. बोटांना घाई असली तरी तारखा वाचल्याशिवाय एंटर नाही.

बरेचसे अर्थ आठवून मी पुन्हा लिहिले. सात शब्दांपुढची जागा मात्र अजून कोरी आहे.